व्हिडिओ कॉलवर आवाज तुटतोय? दोष नेहमी इंटरनेटचा नसतो

‘हॅलो, आवाज येतोय का?’ नोकरीची ऑनलाइन मुलाखत असो, डॉक्टरांचा सल्ला असो की परदेशातल्या मुलांशी रविवारच्या गप्पा. सुरुवात याच प्रश्नाने होते. चित्र थोडे अडखळले तरी चालते, पण आवाज गेला की कॉलचा उपयोगच संपतो. मुलाखतीत तर उत्तर येत असूनही समोर पोहोचत नाही. अशा वेळी खापर इंटरनेटवर फुटते. प्रत्यक्षात झूमसारख्या अ‍ॅपला नुसत्या आवाजासाठी सेकंदाला ६० ते ८० किलोबिट एवढाच वेग पुरतो. त्यामुळे महागडा प्लॅन घेण्याआधी पुढील गोष्टी तपासा.

दोष नेमका कोणाकडे?
सगळ्यांचाच आवाज खराब येत असेल तर दोष आपल्याकडे. एकाचाच खराब येत असेल तर त्याच्याकडे. आपलेच बोलणे परत ऐकू येत असेल, तर समोरच्याच्या स्पीकरमधला आवाज त्याच्याच माइकमध्ये शिरतो आहे. त्याला स्वतःला हे कळत नाही, म्हणून सांगावे लागते. त्याने हेडफोन लावला की प्रतिध्वनी थांबतो.

माइक कोणता चालू आहे?
लॅपटॉपचा एक, वेबकॅमचा दुसरा, इअरफोनचा तिसरा. तोंडासमोर हेडफोनचा माइक असतो, पण कॉम्प्युटर ऐकत असतो लांबच्या वेबकॅममधून! विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड या क्रमाने जाऊन ‘इनपुट’मध्ये योग्य माइक निवडा. कॉलच्या अ‍ॅपमध्येही तीच निवड तपासा.

डेस्कटॉपवर मोबाइलचा इअरफोन
जुन्या डेस्कटॉपला सहसा दोन छिद्रे असतात. हिरवे ऐकण्यासाठी, गुलाबी माइकसाठी. मोबाइलच्या इअरफोनला मात्र दोन्हींसाठी एकच पिन असते. ती हिरव्यात घातली तर ऐकू येते, पण बोललेले जात नाही. दोन पिनांचा स्प्लिटर किंवा यूएसबी हेडसेट घेतला की प्रश्न सुटतो.

ब्लूटूथवर गाणी छान, कॉल मात्र डब्यातून?
गाणी ऐकताना आवाज एकाच दिशेने येतो. माइक सुरू होताच अनेक ब्लूटूथ इअरफोन दुहेरी संभाषणाच्या मोडमध्ये जातात आणि आवाजाचा दर्जा घसरतो. उपाय सोपा आहे. ऐकण्यासाठी ब्लूटूथ ठेवा, ‘इनपुट’मध्ये लॅपटॉपचा माइक निवडा.

आवाज यंत्रमानवासारखा येतो?
मधले शब्द गळत असतील तर मात्र नेटकडे पाहा. वाय-फायवर माहितीचे तुकडे वाटेत हरवले की असे होते. कॅमेरा बंद करा, राउटरजवळ बसा किंवा लॅन केबल जोडा. घरात कोणी मोठी फाइल डाउनलोड करत असेल तर तेवढा वेळ थांबवायला सांगा.

तानपुरा गायब का होतो?
ऑनलाइन गाण्याच्या क्लासला हा अनुभव हमखास येतो. अ‍ॅप पंख्याची घरघर दाबते, तसाच तानपुऱ्याचा अखंड सूरही गोंगाट समजून दाबते. झूममध्ये यासाठी ‘ओरिजिनल साउंड’ची सोय आहे. ती सुरू करताना हेडफोन लावावा.

कॉलआधीची दोन मिनिटे
आपला आवाज समोर कसा पोहोचतो, हे आपल्याला कॉलवर ऐकू येत नाही. म्हणून साउंड रेकॉर्डरमध्ये चार वाक्ये बोलून ती ऐकावीत. मुलाखतीच्या दिवशी नव्हे, आदल्या संध्याकाळी. म्हणजे काही बिघडले असेल तर दुरुस्तीला वेळ मिळतो.