तेरा फ्लॉप्या आणि एक कुलवृत्तांत

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं माळ्यावर एखादा जुना संगणक धूळ खात पडला असेल. तो भंगारवाल्याच्या स्वाधीन करण्यापूर्वीं आमची ही हकीकत वाचावी, एवढीच विनंति आहे.

आमच्या कैलासवासी थोरल्या बंधूंनीं १९९५ च्या आरंभीं संगणक घेतला. त्याच वर्षीं २४ ऑगस्ट रोजीं मायक्रोसॉफ्टची 'विंडोज ९५' ही प्रणाली बाजारांत आली. पुढें ती त्यांनीं बसवून घेतली व निवृत्तीनंतर घराण्याचा कुलवृत्तांत त्यावर टंकून काढिला. छापण्याचें मात्र राहून गेलें. गेल्या दिवाळीच्या साफसफाईंत तें यंत्र खालीं उतरविलें, तों पडद्यावर 'सिस्टिम डिस्क घाला' अशा अर्थाच्या इंग्रजी ओळीखेरीज कांहींच उमटेना. प्रणाली म्हणजे यंत्राच्या सर्व अवयवांस कामाला लावणारी मूळ आज्ञावली. ती बिघडली म्हणजे आंतील मजकूर शाबूत असूनहि हातीं लागत नाहीं. एका दुकानदारानें 'डिस्क कोरी करून सगळें नव्यानें घालूं' असें हंसत सांगितलें. आम्ही यंत्र तसेंच रिक्षांत घालून घरीं आणिलें.

बंधूंचा नातू अभियांत्रिकी शिकतो. तो म्हणाला, "आजोबा, मूळ डिस्कला हात लावायचा नाहीं. आधीं तिची हुबेहूब नक्कल घेऊं. पुढचे सारे प्रयोग दुसरीवर." पोथी उतरणाराचा हाच धर्म, तो ह्या पोरास कोणीं शिकविला कोण जाणे!

नक्कल निघाली, कुलवृत्तांताचीं पानेंहि सांपडलीं. परंतु नव्या संगणकावर उघडतांच 'श्रीगणेशाय नमः'च्या जागीं रोमन चिन्हांचा चिवडा! त्या काळीं मराठी टंकलेखनाची प्रत्येक आज्ञावली रोमन अक्षरांच्या घरांत आपापल्या पद्धतीनें देवनागरी वळणें बसवीत असे. आज युनिकोडमुळें सर्वांचा एक संकेत आहे, तसा तेव्हां रूढ नव्हता. सारांश, तीं पानें वाचावयाचीं तर जुनी आज्ञावली हवी, आणि तिच्यासाठीं जुनी प्रणालीहि हवी.

बंधूंनीं विकत घेतलेला फ्लॉप्यांचा संच कपाटांत होता, एकूण तेरा. परंतु आमच्याकडील पावसाळे त्यांनींहि भोगले होते. पत्र्याची झडप सरकवून पाहतां दोहोंवर बुरशीचे पांढरे ठिपके दिसले. (अशी फ्लॉपी यंत्रांत कदापि घालूं नये, वाचणाऱ्या डोक्यास घाण लागते व पुढची चांगली फ्लॉपीहि खरवडते.) आमच्या एका जुन्या सहकाऱ्यांपाशीं तोच संच निघाला. त्यावरून त्या दोन उतरून घेण्याचें ठरलें.

येथें खरी मेख होती. साध्या फ्लॉपीच्या दोन्ही अंगांस ऐशीं ऐशीं वर्तुळें, प्रत्येक वर्तुळाचे अठरा खंड व प्रत्येक खंडांत ५१२ अक्षरें. म्हणजे एकूण १४,७४,५६० अक्षरें मावतात. मायक्रोसॉफ्टनें पहिली फ्लॉपी साधी ठेवून बाकीच्यांवर दर वर्तुळांत अठराऐवजीं एकवीस खंड दाटीनें बसविले, त्यामुळें तेथें १७,२०,३२० अक्षरें राहतात. हल्लीं बाहेरून यूएसबीनें जोडावयाचे जे फ्लॉपी ड्राइव्ह मिळतात, त्यांतील बहुतेकांस ही दाटी समजतच नाहीं. नातवानें तीन दिवस त्यांत घालविले. शेवटीं एका स्नेह्यांकडे मुख्य पटलालाच ड्राइव्ह जोडलेलें २००३ सालचें यंत्र मिळालें, तेव्हां काम झालें. कोऱ्या फ्लॉप्याहि जुन्या सांठ्यांतूनच शोधाव्या लागल्या. सोनी कंपनीनें २०११ सालींच त्यांची विक्री बंद केली आहे.

लिहिलेली फ्लॉपी पुन्हां वाचून मूळ प्रतीशीं अक्षरशः ताडून पाहावी लागते. वैदिकांनीं पद, क्रम, जटा, घन असे पाठ करून संहिता राखिली, तिची आम्हांस आठवण झाली. पहिल्या ताडणींत एक फ्लॉपी नापास झाली. ती फेंकून दुसरी लिहिली.

हार्ड डिस्कच्या जागीं अडॅप्टर लावून एक मेमरी कार्ड बसविलें. त्या वेळच्या पुष्कळ यंत्रांस ५२८ मेगाबाइटांपलीकडील डिस्क ओळखत नाहीं, म्हणून कार्ड ५१२ चें घेतलें. संच जुन्या विंडोजवर चढविण्याचा असल्यामुळें तो स्वतः यंत्र सुरू करूं शकत नाहीं. डॉसच्या फ्लॉपीनें यंत्र जागें करून कार्डाची आंखणी केली. मग एक, दोन, तीन असें करीत फ्लॉप्या भरविल्या. मध्येंच यंत्रानें पूर्वींच्या विंडोजची फ्लॉपी पुरावा म्हणून मागितली. सुदैवानें बंधूंनीं तीहि जपून ठेविली होती. तेरावी आंत गेली तेव्हां रात्रीचे अकरा वाजले होते. घरांतील कोणीहि निजलें नव्हतें.

टंकलेखनाची आज्ञावली चढवून नातवानें कुलवृत्तांत उघडला. अक्षरें स्वच्छ, बंधूंच्या शुद्धलेखनासारखीं. आमच्या जुन्या हस्तलिखित वंशावळींत मुलींचीं नांवें नव्हतीं. बंधूंनीं तीं सर्व शोधून घातलेलीं. अकराव्या वर्षीं वैधव्य येऊन जन्मभर ह्याच घरीं राबलेल्या आमच्या आत्याबाईंचें नांव, जन्मतिथि, त्यांनीं केलेलीं औषधें, सारें एका पानावर होतें. तें त्यांनीं लिहिलें आहे, हें आम्हांस ठाऊकच नव्हतें.

वहिनींनीं चष्मा पुसून तें पान दोनदां वाचिलें आणि म्हणाल्या, "भाऊजी, बाकीचें सावकाश होऊं द्या. हें पान आधीं छापून द्या."