सिंड्रेलाचा बूट आणि फुलराणीची भाषा

पेरोच्या १६९७ मधील कथेत सिंड्रेलाची ओळख काचेच्या बुटावरून पटते. 'अ सिंड्रेला स्टोरी' (२००४) या किशोरवयीन प्रेमविनोदी चित्रपटात बुटाची जागा मोबाईल फोन घेतो. खूण तेवढी बदलते. मराठीत या कथारूपाच्या निकट जाणारे नाटक म्हणजे शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून पु. ल. देशपांडे यांनी रूपांतरित केलेले, १९७५ मध्ये रंगभूमीवर आलेले 'ती फुलराणी' होय. येथे परीची कांडी भाषातज्ज्ञ प्राध्यापकाच्या हाती आहे. मंजुळेची बोली हीच तिच्या अंगावरची राख ठरते. कोल्हापुरातील वर्गात ग्रामीण विद्यार्थ्याच्या बोलीला 'अशुद्ध' म्हणणारा अध्यापकही नकळत हेच मानतो. सिंड्रेलाचा पोशाख मध्यरात्री उतरतो; प्रमाणभाषेचा उतरत नाही. त्यामुळे मंजुळेला पुन्हा फुले विकण्याकडे सहज वळता येत नाही.