बहुरूपी मोटारी

पूर्वी आपल्या गावांतून बहुरूपी येत असे. आज फौजदार, उद्या फकीर. पण त्याला कोणी लबाड म्हणत नसे. तो बहुरूपी आहे हे सर्वांना ठाऊक असे आणि लोक कौतुकाने त्याला शिधा घालीत. पुराणातल्या पौंड्रकाची गोष्ट वेगळी. त्याने शंखचक्र धारण करून 'मीच खरा वासुदेव' असा दावा मांडला. मोटारींच्या जगातही हे दोघे भेटतात. साध्या मोटारीला दुर्मिळ मोटारीचे रूप कसे देतात आणि त्यात काय गमावते, हे आज पाहावयाचे आहे.

इटलीतील फेरारी कारखान्याने 1962 ते 1964 या काळात 250 जी.टी.ओ. ही शर्यतीची मोटार बनविली. तीन लिटरच्या एंजिनाच्या अशा मोटारी झाल्या अवघ्या 36. त्यांपैकी एक 2018 साली अमेरिकेतील लिलावात 4 कोटी 84 लाख डॉलरांना विकली गेली! याच कारखान्याची दुसरी मोटार 250 जी.टी.ई. ही 1960 ते 1963 या काळात साडेनऊशेच्या आसपास निघाली. हिच्यात चौघांना बसता येई. बारा सिलिंडरांच्या एंजिनाचे घराणे मात्र दोघींचे एकच. जणू सख्ख्या बहिणी. एक रणांगणावर गेली, दुसरी संसाराला लागली.

आता रूपांतराची रीत. प्रथम जी.टी.ई.चे पोलादी पत्र्याचे अंग उतरवितात. खाली उरतो नळ्यांचा सांगाडा. हिच्या पुढच्या व मागच्या आसांमधील अंतर 2600 मिलिमीटर, तर जी.टी.ओ.चे 2400. म्हणून सांगाडा कापून 20 सेंटिमीटरांनी आखूड करतात व पुन्हा जोडतात. मागची आसने अर्थातच जातात. मग ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून लांब, खाली झुकलेले नाक घडवितात. नाकावर तीन छिद्रे ठेवतात आणि शेपटाशी वर उचललेली कड काढतात. एंजिनावरील तीन कार्ब्युरेटरांच्या जागी सहा बसवितात. काम कुशल कारागिराचे असेल, तर रस्त्यावरचा माणूस थक्क होऊन पाहत राहतो.

ही फसवणूक आहे काय? जाणकार सहसा फसत नाही. अस्सल 36 मोटारींचे क्रमांक व इतिहास नोंदलेले आहेत. सदतिसावी अडगळीत सापडली, असे कोणी म्हणाल्यास त्याच्यावर विश्वास बसणार नाही. नक्कल म्हणूनच जी विकली जाते ती बहुरूपी. खोटा क्रमांक ठोकून मिरविते ती पौंड्रक. गंमत अशी की, शर्यतीच्या नियमांप्रमाणे अशा 100 मोटारी तयार करणे आवश्यक होते. फेरारीने मात्र जी.टी.ओ. ही आपल्या जुन्या 250 जी.टी.चीच सुधारलेली आवृत्ती असल्याचे दाखवून मान्यता मिळविली. म्हणजे कागदोपत्री अस्सलदेखील दुसरीच्या नावावर मैदानात उतरली होती!

परंतु खरा प्रश्न वेगळाच आहे. एके काळी जुन्या जी.टी.ई.ला फारशी किंमत नव्हती. दुरुस्तीचा खर्च मोटारीच्या मोलाहून अधिक होई. तेव्हा तिला कापण्यात काही गैर कोणास वाटले नाही. काहींची एंजिने शर्यतीच्या मोटारींत गेली, काहींचे सांगाडे नकलांत गेले. पुढे काळ बदलला. उरलेल्या जी.टी.ई. स्वतःच जपण्याजोग्या ठरल्या आणि त्यांचीही किंमत चढली. बहुरूपी संध्याकाळी सोंग उतरवून घरी जातो. कापलेला सांगाडा पूर्वीसारखा होत नाही.

2019 साली बोलोन्याच्या न्यायालयाने जी.टी.ओ.च्या आकृतीला कलाकृती मानून नकलांपासून संरक्षण दिले. थोरल्या मानाची बहीण अशी राखली गेली. पण तिच्या सोंगासाठी जी कापली गेली, त्या धाकटीची दाद कोणी घ्यावी?

तेव्हा हौस जरूर करावी. नक्कल आहे हे उघड सांगावे. आणि हात घालण्यापूर्वी एवढेच विचारावे की, या सोंगाखाली आपण काय मोडीत आहोत? साधी वस्तू पुष्कळ आहे म्हणून साधी वाटते. ती पुष्कळ राहिली नाही, हे कळते तेव्हा बहुधा करवत चालून गेलेली असते.