काचेच्या टाकीखालचे लाकूड : इतवारीच्या मिस्त्रींसाठी एक जोडधंदा

दिवाणखान्यात माशांची काचेची टाकी ठेवण्याची हौस आता साध्यासुध्या घरांतही शिरली आहे. टाकी, मासे, दिवा, हवेचा पंप हे सारे दुकानात तयार मिळते. अडते ते टाकी ठेवायची कशावर, या प्रश्नापाशी. मग गिऱ्हाईक लोखंडी अँगलचा स्टँड उचलते, नाहीतर घरातले एखादे जुने टेबल पुढे ओढते. आमच्या मते हे काम सुतार मिस्त्रींचे आहे, आणि इतवारीतल्या मिस्त्रींना तर ते फारच सोयीचे. शेजारीच लकडगंजच्या वखारी आणि आरा मशिनी आहेत. चंद्रपूर-गडचिरोलीकडचा, 'सी.पी. टीक' या नावाने ओळखला जाणारा साग आपल्या दारातला माल आहे. २०२३ साली खुल्या झालेल्या दिल्लीच्या नव्या संसद भवनात नागपूरहून गेलेले सागवान वापरले गेले. त्याच सागाचे आऱ्यावर उरलेले लहान तुकडे आपल्याकडे कवडीमोल जातात.

पण काम घेण्याआधी वजनाचा हिशेब समजून घ्यावा, कारण इथेच चांगले चांगले फसतात. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. ३ फूट लांब, १ फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत साडेचार घनफूट, म्हणजे सुमारे १२७ लिटर पाणी मावते. त्यात ६ मिलिमीटर काचेचे वीसेक किलो आणि तळाच्या खडीचे दहा-पंधरा किलो मिळवा. भार दीड क्विंटलच्या वर गेला! तोही दिवसरात्र, वर्षानुवर्षे. टेबलावर कोणी इतके वजन कायमचे ठेवत नाही.

आम्ही स्वतः ही चूक करून बसलो आहोत. घरातल्या टाकीसाठी जुन्या पलंगाच्या पट्ट्या खिळ्यांनी ठोकून स्टँड उभा केला. पाय मजबूत होते, म्हणून निर्धास्त होतो. महिन्याभरात पाण्याची रेघ काचेवर तिरपी दिसू लागली. स्टँड एका अंगाला कलला होता. रात्रीच बादल्यांनी पाणी उपसले, म्हणून काच वाचली. पाय मोडले नव्हते, सांधे सरकले होते. उभ्या भाराने लाकूड सहसा हरत नाही. ते आडव्या हेलकाव्याने हरते.

म्हणून वरची चौकट पायांच्या डोक्यावरच बसवावी. भार लाकडावरून लाकडावर उतरला पाहिजे, स्क्रूवर लटकता कामा नये. पाय २ बाय २ इंच, वरच्या पट्ट्या ३ बाय दीड इंच आणि तळाची चौकट २ बाय दीड इंच पुरे. सांधा कुसू आणि खाचेचा, फेविकॉल लावून. स्क्रू फक्त धरून ठेवण्यापुरता. मागच्या बाजूला पूर्ण प्लायवूड ठोकावे किंवा तिरपी पट्टी द्यावी, मग स्टँड डुलत नाही. गुण्या लावल्याशिवाय एकही सांधा पक्का करू नये. वर १९ मिलिमीटरचा मरीन प्लाय, म्हणजे ज्यावर आयएस ७१० असा शिक्का असतो तो. पार्टिकल बोर्ड मात्र नको. पाणी सांडले की तो फुगतो. प्लायवर अर्ध्या इंचाचे थर्माकोल अंथरून मगच टाकी ठेवावी, म्हणजे लाकडातला बारीक उंचसखलपणा काचेला बोचत नाही.

लाकूड वाळलेले हवे. आपल्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि लगेच पुढे पावसाची ओल येते. कच्चे लाकूड यात वाकते आणि सांधे उघडे पडतात. कडेचा पांढरट भाग वाळवीला लवकर बळी पडतो, तो काढून गाभ्याचेच लाकूड घ्यावे. वार्निश आतून-बाहेरून, पायांच्या तळव्यांनाही.

माल गिऱ्हाइकाकडे देण्यापूर्वी धान्याची ५० किलोची चार पोती त्यावर रात्रभर ठेवावीत. पोत्यांची इतवारीत काय वाण! सकाळी हाताने लांबीच्या दिशेने ढकलून पाहावे. किंचितही करकरला तर परत उघडावा.

आता हिशेब. वरील मापाच्या, अडीच फूट उंच स्टँडला तयार लाकूड पाऊण घनफुटाच्या आत लागते; रंध्याची घट धरून एक घनफूट समजा. म्हणजे मालाचा खर्च मोठा नाही, खरी किंमत कारागिरीची आहे. तरीही आमचे अनेक मिस्त्री 'छोटे टेबलच तर आहे' म्हणून मजुरी अर्धी सांगतात. गिऱ्हाइकाला दीड क्विंटलचा हिशेब कागदावर मांडून दाखवा आणि मग भाव बोला.

घरी पोचवताना फरशी पाणसळीने तपासा. जुन्या शहाबादी फरश्या क्वचितच सरळ असतात. लाकडी तुळयांच्या माडीवर टाकी मधोमध नको. भिंतीलगत आणि तुळयांना आडवी ठेवायला सांगा, म्हणजे भार अनेक तुळयांवर वाटला जातो. स्टँडला कपाट केले असेल आणि पंप त्यात खाली ठेवला, तर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटे उतरते. पंपासाठी टाकीच्या वर वेगळी फळी द्या किंवा नळीत उलटे पाणी अडवणारा झडप बसवून घ्यायला सांगा.

एक गोष्ट बिलावर जरूर लिहावी : स्टँड कोणत्या मापाच्या टाकीसाठी आहे. हौस वाढली की गिऱ्हाईक मोठी टाकी आणते. ४ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत ९ घनफूट पाणी मावते, म्हणजे बरोबर दुप्पट. ती जुन्या स्टँडवर चढवली आणि काच फुटली, तर बोल मिस्त्रीलाच लागतो. बिलाची एक प्रत आपल्याकडेही ठेवा.