कुर्ल्याची पद्मिनी, चांदनीचा क्लच

बऱ्हाणपूर-खंडवा रस्त्यावर असीरगडाजवळचा घाट चढताना आमच्या पद्मिनीचं इंजिन एकाएकी ओरडायला लागलं. ॲक्सिलरेटर दाबावा तसा आवाज चढत होता, गाडी मात्र बैलगाडीच्या चालीने रेंगाळत होती. मग पायाखालून जळका वास आला. क्लचच्या लायनिंगचा हा वास ज्याने एकदा घेतला, तो त्याला पुन्हा कधी चुकत नाही. गाडी बाजूला घेतली, तासभर थंड होऊ दिली आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, पाय जपत, चांदनीला परत आणली.

चांदनी हे बऱ्हाणपूर आणि नेपानगर यांच्या मधलं रेल्वेमार्गावरचं गाव. वडील नेपाच्या कागद कारखान्यात नोकरीला होते. 1956 साली पंडित नेहरूंच्या हस्ते सुरू झालेला, वर्तमानपत्राचा कागद देशात बनवणारा हा पहिला कारखाना. वडिलांची पद्मिनीही त्याच जिद्दीच्या काळाची लेक. आपल्याकडे जे मिळत नाही ते आपण इथेच बनवू, अशी ती जिद्द होती.

या गाडीचं माहेर मुंबईतलं कुर्ला. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी जहाजं, विमानं आणि मोटारी या तिन्ही उद्योगांचा पाया आपल्या देशात घातला. प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना 1944 सालची. आधी डॉज, प्लिमथसारख्या अमेरिकी गाड्यांची जुळणी झाली, मग इटलीच्या फियाटशी करार झाला. 1964 पासून फियाट 1100 चं नवं रूप इथे बनू लागलं आणि 1974 मध्ये त्याच गाडीला ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळालं. 1089 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर आणि मागच्या चाकांना मिळणारी ताकद. नाव बदललं तरी आमच्या भागातली माणसं तिला शेवटपर्यंत ‘फियाट’च म्हणत राहिली.

या गाडीत सगळ्यात जास्त सोसतो तो क्लच. भाकरी थापताना ती दोन तळव्यांमध्ये धरून फिरवतात, तसं त्याचं काम. एका बाजूला इंजिनाचं फ्लायव्हील, दुसऱ्या बाजूला प्रेशर प्लेट आणि मध्ये दोन्हीकडून लायनिंग लावलेली क्लच प्लेट. जुन्या गाड्यांत गुंडाळीच्या स्प्रिंगा या प्लेटला गच्च दाबून धरतात, म्हणून इंजिनाबरोबर तीही फिरते आणि ताकद गिअरबॉक्समध्ये जाते. पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग पुढे सरकतं, स्प्रिंगांचा दाब सुटतो आणि प्लेट मोकळी होते. झिजणं हे या प्लेटचं कामच आहे. ती झिजते म्हणून बाकीचं यंत्र वाचतं.

बिघाड मुख्यतः तीन-चार तऱ्हांचे, आणि प्रत्येकाची खूण वेगळी. इंजिन पळतं पण गाडी पळत नाही, तेव्हा क्लच घसरतोय. गिअर टाकताना करकर होते, विशेषतः रिव्हर्स टाकताना, तेव्हा क्लच पुरता सुटत नाही. गाडी उठताना थरथरते, तेव्हा प्लेटवर तेल आलेलं असतं, फ्लायव्हील ओबडधोबड झालेलं असतं किंवा इंजिनाचे रबरी माउंटिंग तुटलेले असतात. पेडल दाबल्यावर आवाज येत असेल तर संशय रिलीज बेअरिंगवर. पेडल सोडल्यावर आवाज येतो आणि दाबताच थांबतो, तेव्हा गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग तपासावं. एवढं कान देऊन ऐकलं तरी निम्मं काम होतं.

आमच्या गाडीने दोन बिघाड एकापाठोपाठ दाखवले. वडील गेल्यावर ती वर्षभर शेडमध्ये उभी होती, मध्ये एक अख्खा पावसाळा गेला. पुढे इंजिन सुरू झालं, पण पेडल दाबूनही गिअर पडेना. जो तो म्हणाला, क्लचचा सगळा सेट बदला. बऱ्हाणपूरचे म्हातारे मिस्त्री आले, त्यांनी दोनदा पेडल दाबून पाहिलं आणि म्हणाले, “भाऊ, प्लेट गेली नाही. गंजून फ्लायव्हीलला चिकटली आहे.” त्यांनी गाडी ढकलत मोकळ्या मैदानात नेली, इंजिन चांगलं गरम केलं आणि बंद केलं. मग दुसरा गिअर टाकून पेडल पूर्ण दाबलं आणि तसंच स्टार्टर मारलं. गाडी हिसके देत निघाली. मिस्त्री पेडल दाबूनच ॲक्सिलरेटर कमी-जास्त करत होते, मध्येच ब्रेक दाबत होते. तिसऱ्या हिसक्याला ‘खट्’ असा आवाज झाला आणि प्लेट सुटली. एक रुपयाचाही भाग लागला नाही. समोर माणूस किंवा भिंत असेल तिथे हा प्रयोग कोणी करू नये.

घाटातला बिघाड मात्र खरा घसरण्याचा होता. मिस्त्रींनी आधी पेडलची ढील पाहिली. बहुतेक जुन्या गाड्यांत पेडल बोटाने दाबलं की सुरुवातीचं पाऊण-एक इंच अंतर ते सैल जावं लागतं. ही ढील उरली नाही तर बेअरिंग सतत टेकून राहतं, प्लेटवरचा दाब कमी होतो आणि नवा क्लचही घसरतो. ढील ठीक होती. मग हँडब्रेक ओढून, चाकांना दगड लावून, वरचा गिअर टाकला आणि पेडल हळूच सोडलं. अशा वेळी इंजिन गुदमरून बंद पडायला हवं. आमचं चालूच राहिलं. ही परीक्षा एकदाच घ्यायची, पुन्हा पुन्हा घेतली तर राहिलंसाहिलं लायनिंगही जळतं.

मागच्या चाकांकडे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट सोडला, गिअरबॉक्स खाली उतरवला आणि कारण दिसलं. क्रँकच्या मागच्या टोकाशी तेल झिरपत होतं आणि प्लेट त्यात भिजली होती. लायनिंग काळं, चकचकीत आणि रिव्हेटच्या डोक्यांपर्यंत झिजलेलं. मी म्हणालो, नवी प्लेट आणतो. मिस्त्री म्हणाले, “आणा. पण आधी तेल थांबवू, नाहीतर नवीही अशीच भिजेल.” या एका वाक्यात जुनी गाडी राखण्याची सगळी विद्या आहे. भाग शोधायच्या आधी रोग शोधायचा. दुर्मीळ झालेला भाग चुकीच्या रोगावर खर्ची पडला तर तो पुन्हा मिळेलच असं नाही.

साफसफाईचंही शास्त्र आहे. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे, म्हणून तिथली धूळ हवेच्या पाइपने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. रिलीज बेअरिंग केरोसीनमध्ये बुडवायचं नाही, आतलं ग्रीस धुऊन निघतं आणि चांगलं बेअरिंग महिनाभरात ओरडू लागतं.

तेल थांबवलं, मग भागांचा शोध सुरू झाला. बऱ्हाणपूर हे यंत्रमागांचं शहर, तिथे लेथवाल्यांची वाण नाही. गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक ज्यात बसतं ते छोटं बुश झिजलं होतं. मागाचे भाग घडवणाऱ्या हातांनी ते कांशाच्या दांड्यातून आमच्यासमोर कातून दिलं. फ्लायव्हीलचा चेहराही तिथेच साफ झाला. क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट मात्र तिथे मिळेनात. चांदनीवरून जाणारे रूळ भुसावळ, मनमाड, कल्याण करत कुर्ल्यालाच पोचतात. जुनी प्लेट पिशवीत घालून मी बऱ्हाणपूरहून गाडीत बसलो आणि पद्मिनीच्या माहेरी गेलो.

कारखान्याच्या जागी आता उंच इमारती आहेत. पण कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, जुन्या भागांच्या दुकानांतून फिरताना तिची ओळख अजून भेटते. काउंटरवरच्या माणसाने गाडीचं साल विचारलं नाही, हात पुढे केला आणि म्हणाला, “नमुना द्या.” त्याने प्लेटचा व्यास मोजला, मधल्या भोकाचे दात मोजले, मग भोकाभोवतीच्या हबची उंची आणि तो कुठल्या बाजूला किती पुढे येतो ते पाहिलं. व्यास जुळला पण दात जुळले नाहीत, तर प्लेट शाफ्टवर चढतच नाही. हब चुकला तर चढते, पण क्लच सुटत नाही. जुन्या स्टॉकातली प्रेशर प्लेट मिळाली. क्लच प्लेटबद्दल तो म्हणाला, हिचा पत्रा आणि स्प्रिंगा शाबूत आहेत, हिलाच नवं लायनिंग मारून घ्या. कारागिराने जुने रिव्हेट काढले, नवं लायनिंग बसवलं आणि प्रत्येक रिव्हेटचं डोकं लायनिंगच्या आत किती खोल गेलंय ते नखाने चाचपून पाहिलं. ते वर राहिलं तर फ्लायव्हीलवर चर पडतो.

हे भाग इतकी वर्षं मिळत राहिले, कारण मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत हीच गाडी हजारोंनी धावत होती. टॅक्सीवाल्याचा क्लच लवकर झिजायचा, म्हणून दुकानदार माल भरून ठेवायचा, आणि त्या साठ्यावर चांदनीसारख्या गावातली एखादी पद्मिनीही जगायची. गाडीचं उत्पादन शतक सरता सरता थांबलं. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे, त्यामुळे ऑक्टोबर 2023 अखेरीस शेवटची पद्मिनी टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. आता तो साठा भरणारं गिऱ्हाईक उरलं नाही. 2021 च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षं ओलांडलेल्या, मूळ रूपातल्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक दिला. हा मान मोठा आहे. पण क्रमांकाने गाडी घाट चढत नाही, त्यासाठी लेथवाला, लायनिंग मारणारा आणि वास ओळखणारा मिस्त्री लागतो.

जोडणीच्या दिवशी मिस्त्रींनी जुन्या गिअरबॉक्सचा शाफ्ट घालून प्लेट नेमकी मध्यावर आणली आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे घेत, थोडे थोडे करून सारखे आवळले. दुसऱ्या दिवशी असीरगडाचा घाट पद्मिनीने न कुरकुरता चढला.

शेडच्या भिंतीवर आता जुनी, झिजलेली प्रेशर प्लेट टांगली आहे. शेजारी एक वही आहे, तिच्यात प्लेटचा व्यास, दातांची संख्या, हबची उंची आणि बुशाची मापं मिस्त्रींनी सांगितली तशी लिहून ठेवली आहेत. मागच्या महिन्यात रावेरहून एक तरुण आजोबांची फियाट घेऊन आला. त्याने वहीतली मापं मोबाइलवर उतरवून घेतली. मी त्याला म्हटलं, मापं ने, पण आधी पेडलची ढील बघ.