आम्लात टिकणारा उत्प्रेरक आणि यवतमाळचे पाणी

पाण्यात वीज सोडून त्यातील हायड्रोजन व ऑक्सिजन वेगळे करता येतात, हे निकल्सन आणि कार्लाइल यांनी १८०० साली दाखवून दिले. परंतु हे विघटन कमी विजेत, वेगाने आणि वर्षानुवर्षे करणारे यंत्र घडवायचे, तर सारा भार विद्युतअग्रांवरील उत्प्रेरकांवर, म्हणजे स्वतः खर्ची न पडता अभिक्रियेचा वेग वाढवणाऱ्या पदार्थांवर, येऊन पडतो.

या विघटनाच्या, म्हणजे विद्युत-अपघटनाच्या, आम्लधर्मी प्रकारात द्रव आम्ल नसते, ०.१ ते ०.२ मिलिमीटर जाडीचे बहुवारिकाचे पटल असते आणि त्याला जखडलेल्या सल्फॉनिक आम्लगटांमधून केवळ प्रोटॉन पलीकडे जातात. यामुळे यंत्र आटोपशीर होते व सौरविजेचे चढउतारही सोसते, मात्र अल्कधर्मी यंत्रात निभावून जाणारे निकेल आणि लोखंड येथे विरघळते, म्हणून ऋणाग्रावर प्लॅटिनमची व धनाग्रावर इरिडियमची पायधरणी करावी लागते.

हायड्रोजन तयार होणाऱ्या ऋणाग्रावर प्लॅटिनमला पर्याय शोधताना संकरित उत्प्रेरकांची कल्पना पुढे आली. मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या थरांच्या कडा हायड्रोजनला ना फार घट्ट धरतात, ना फार सैल सोडतात, हे २००५ च्या गणितातून आणि २००७ च्या प्रयोगातून दिसून आले. पण थरांचा सपाट भाग जवळपास निष्क्रिय असतो आणि वीजही नीट वाहून नेत नाही. २०११ मध्ये स्टॅनफर्डच्या होंगजी दाई यांच्या गटाने या संयुगाचे कण ग्राफीनच्या, म्हणजे कार्बनच्या, पत्र्यांवर वाढवले, तेव्हा उघड्या कडा वाढल्या आणि वीजवहनाची जबाबदारी कार्बनने उचलली. संकर म्हणजे ही कामाची वाटणी होय. तरीही प्लॅटिनमची बरोबरी झालेली नाही, हे उत्साही वर्णनांत बहुधा राहून जाते.

खरी अडचण धनाग्रावर आहे. तेथे ऑक्सिजनच्या एका रेणूसाठी चार इलेक्ट्रॉन काढून घ्यावे लागतात आणि त्यासाठी लागणाऱ्या विद्युतदाबाला कार्बनचाच कार्बन डायऑक्साइड होऊ लागतो, त्यामुळे पऱ्हाटीपासून, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांपासून, केलेला कोळसा ऋणाग्राला आधार म्हणून चालला, तरी धनाग्राला चालत नाही. रुथेनियम इरिडियमपेक्षा चपळ असले तरी झिजते, म्हणून दोहोंची मिश्र ऑक्साइडे किंवा टायटॅनियमच्या ऑक्साइडवर पसरलेला इरिडियमचा पातळ थर वापरून पाहतात. जगात इरिडियम वर्षाला जेमतेम सात-आठ टन निघते आणि तेही मुख्यतः दक्षिण आफ्रिकेत.

हे यंत्र यवतमाळ जिल्ह्यात बसवायचे म्हटले, तर तेथील पाणी त्याच्यापुढे आणखी एक पेच टाकेल. एक किलो हायड्रोजनसाठी हिशेबाने नऊ लिटर पाणी पुरते, ही मागणी कपाशीच्या तुलनेत किरकोळ म्हणावी लागेल. परंतु पांढरकवडा परिसरासह जिल्ह्यातील अनेक बोअरवेलच्या पाण्यात फ्लोराइड पिण्याच्या पाण्यासाठीच्या दीड मिलिग्रॅम प्रतिलिटर या कमाल मर्यादेहून अधिक आढळते. माणसाच्या दातांना व हाडांना अपाय करणारे हेच फ्लोराइड आम्लात टायटॅनियमवरील संरक्षक ऑक्साइडचा थर उखडते, तर जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम पटलातील प्रोटॉनच्या जागा अडवून बसतात. अशा भूजलावर यंत्र चालवायचे, तर आधी व्युत्क्रम परासरण आणि पाठोपाठ आयन-विनिमय राळेचे स्तंभ बसवावे लागतील, शिवाय गाळणीतून उरलेले फ्लोराइडयुक्त पाणी पुन्हा विहिरींत मुरणार नाही, याची तजवीजही त्याच आराखड्यात करावी लागेल.