माठातल्या चिठ्ठ्या

दर फेब्रुवारीत, दहावीच्या निरोप समारंभाच्या शनिवारी, आमच्या शाळेतला पाण्याचा माठ रिकामा व्हायचा. शिपाईकाका तो उन्हात वाळवायचे, नववीची पोरं त्याला गेरू-चुन्यानं रंगवायची आणि दुपारी तो हॉलमधल्या टेबलावर येऊन बसायचा. आत दहावीच्या पोरांवर लिहिलेल्या, घडी केलेल्या चिठ्ठ्या. फादर हात घालून एक उचलायचे, चष्मा सारखा करायचे आणि वाचायला लागायचे. नाव शेवटी असायचं. पण पहिल्या ओळीतच पोरांना कळायचं कोण ते, आणि नाव येईपर्यंत सगळा हॉल त्या एकाकडे बघून हसत असायचा.

कॉलेजात याला फिशपॉन्ड म्हणतात. मराठीत याला छान शब्द आहे, शेलापागोटे. शेला आणि पागोटं देऊन माणसाचा मान करायची आपली जुनी रीत. तोच मान शब्दांनी करायचा, जाता जाता एक चिमटाही काढायचा. मी मराठीचा शिक्षक. सत्तावीस वर्षं चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका मिशन शाळेत शिकवलं, आता निवृत्त होऊन सिंदेवाहीत राहतो. त्यातली एकोणीस वर्षं मुलांचे शेलापागोटे मी लिहिले. मुलींचे सिस्टर लिहायच्या, म्हणून इथं फक्त पोरांबद्दलच सांगतो.

विदर्भात इंग्रजी शाळा दिसली की लोक तिला कॉन्व्हेंट म्हणतात, मग पाटीवर सरस्वतीचं नाव का असेना. आमची शाळा मात्र खरोखरच फादर-सिस्टरांची होती. १९६२ साली रोमनं चांदा हा मिशनचा मुलूख केरळच्या सीएमआय संघाकडे सोपवला आणि तिकडचे तरुण फादर या जंगलात आले. १९७७ साली चांदा धर्मप्रांत झाला, त्याचं मुख्य ठाणं बल्लारपूरला. या संघाच्या संस्थापकांपैकी एक संत चावरा. चर्च तिथं शाळा असलीच पाहिजे, असा आग्रह त्यांनी एकोणिसाव्या शतकात धरला होता. मल्याळममध्ये चर्चला पळ्ळी म्हणतात आणि शाळेला पळ्ळिकूडम. आमच्या वर्गात ख्रिस्ती पोरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, बाकी सगळी आसपासच्या गावांतली. त्यांत गोंड होते, माना होते, बौद्ध होते, कुणबी होते, ढिवर होते.

चिठ्ठ्या फादरच वाचणार, हा माझा हट्ट होता. त्याला कारण आहे. आमच्या झाडीबोलीत ‘ळ’ नाही. पोरं केळीला केरी म्हणतात, डोळ्याला डोरा. ‘ण’चा ‘न’ होतो. ही बोली मला प्रिय आहे, तिच्यासाठी मी कुणाचेही गुण कापले नाहीत. पण मल्याळममध्ये ‘ळ’ आणि ‘ण’ दोन्ही ठणठणीत आहेत. त्यामुळं कोट्टायमकडचे आमचे फादर ‘काळजीवाहू बाळ’ म्हणायचे तेव्हा तो ‘ळ’ पुण्याच्या माणसानंही ऐकत राहावा असा असायचा. क्रियापदाचं लिंग चुकायचं, ‘सायकल पडला’ व्हायचं, पोरं खूश व्हायची. फादरही हसायचे.

चिठ्ठी कशी लिहायची, हे मी एका वाईट दुपारी शिकलो. मी कॉलेजात होतो तेव्हा स्नेहसंमेलनात फिशपॉन्ड झाले. निनावी चिठ्ठ्या, कुणीही टाकाव्यात. माझ्याशेजारी बसलेल्या मुलाच्या रंगावर एक निघाली, दुसरी त्याच्या बापाच्या धंद्यावर. लोक हसले. तोही हसला, मग पाणी प्यायला म्हणून उठला आणि बस पकडून गावी गेला. पुढचे आठ दिवस तो आला नाही. पुढं माझ्या हाती माठ आला तेव्हा मी निनावी चिठ्ठ्या बंद केल्या. देह, जात, घर, बापाचा धंदा आणि मार्क, यांतलं काहीही चिठ्ठीत येणार नाही. पोरानं या वर्षी शाळेत स्वतः केलेली एखादी गोष्टच येईल, आणि त्याची आई समोर बसली असती तर तिलाही हसू आलं असतं, अशीच येईल. त्यासाठी पोराकडे वर्षभर बघावं लागतं. मी दोनशे पानी वही करायचो, एकेका पोराला चार पानं.

एक पोरगा दर सोमवारी उशिरा यायचा. कारण ठरलेलं. “वाघ आडवा होता ना जी, रस्त्यावर.” दुसऱ्या एखाद्या तालुक्यात शिक्षकानं कान पिळला असता. इथं पिळता येत नाही, कारण खरोखरच असतो. ताडोबा जवळ, ब्रह्मपुरीचं जंगल लागून, आणि सकाळी रस्त्यावर वाघ दिसणं ही आमच्याकडे बातमी नसते, तो उशीर असतो. पण या वाघाला फक्त सोमवार कळायचा आणि सोमवारी पहिला तास गणिताचा. अकरा वेळा झालं, वहीत तारखा आहेत. बाराव्यांदा तो आला आणि त्याच्या मागं वनरक्षकच आला. शाळेच्या फाट्यापासून दीडशे पावलांवर ओल्या मातीत ताजा पंजा उमटला होता. आम्ही सगळे बघायला गेलो. वनरक्षकानं ठशात प्लास्टर ओतलं, आणि हा पोरगा हात मागं बांधून शेजारी उभा, आपल्याच शेतातलं पीक दाखवावं तसा. त्याच्या चिठ्ठीत लिहिलं: ‘ताडोब्यात वाघ मोजायला झाडाझाडाला कॅमेरे लावतात. आमच्याकडे एकच कॅमेरा आहे. तो सोमवारी साडेदहा ते सव्वाअकरा चालतो आणि त्यात वाघ हमखास सापडतो. व्याघ्रगणना अधिकारी.’ तो पुढं येऊन फादरांना म्हणाला, “बारावा खरा होता जी.” फादर म्हणाले, “बाराव्याचा पावती दे.” हॉल पाच मिनिटं हसायचा थांबला नाही.

दुसरा नाटकवाला. झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडई सुरू होते, मग शंकरपट, आणि रात्री नाटक. वडशाच्या कंपन्या गावोगाव जातात. रात्री दहाला पडदा उघडला की पहाटेपर्यंत खेळ, आणि हा सिलसिला होळीपर्यंत चालतो. आपल्या इथं हजारो लोक थंडीत घोंगडी पांघरून तिकीट काढून नाटक बघतात, हे मुंबईतल्या माणसाला सांगूनही पटत नाही. तर हा पोरगा जीपवर बसून नाटकाची जाहिरात करायचा, हातात माईक. त्यामुळं त्याचा आवाज वर्गातही जीपवरचाच. “पाढा म्हण” म्हटलं तर तो प्रवेश घ्यायचा.

नाताळच्या नाटकात फादरांनी त्याला हेरोद राजा दिला. तीन ज्ञानी पुरुष येऊन विचारतात, नवा राजा कुठं जन्मला, आणि हेरोद रागावतो. एवढंच काम, चार वाक्यं. यानं पहिल्या वाक्याला पेटीवाल्याकडे बघितलं. कॅरलसाठी बसलेला पेटीवाला गावचाच, त्यानं सूर धरला. मग हेरोदानं पाठ फिरवली, हसला, थांबला, पुन्हा हसला, आणि “माझ्या राज्यात दुसरा राजा?” हे वाक्य असं फेकलं की तिघांतल्या सर्वांत लहान ज्ञानी पुरुषाच्या हातून ऊद सांडला. पालकांतून वन्स मोअर आला. पेटीवाल्यानं सूर मागं नेला. ज्ञानी पुरुष बाहेर जाऊन पुन्हा आत आले. वन्स मोअर दुसऱ्यांदा आला तेव्हा फादरांनीच उठून हात जोडले, कारण रात्र होत होती आणि येशू जन्मायचा राहिला होता. चिठ्ठी लिहायला मला दोन मिनिटं लागली: ‘बेथलेहेमात जागा नव्हती, कारण सगळी जागा हेरोदानं घेतली होती.’

तिसऱ्याचं नाव पोरांनीच पाडलं होतं, एचएमटी. यामागची गोष्ट आमच्या भागाला माहीत आहे, बाहेर माहीत नाही. शेजारच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे, जेमतेम दीड एकराचे शेतकरी. १९८३ साली पटेल-३ या धानाच्या बांधीत त्यांना दोन-तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला ठेवल्या, पेरल्या, निवडल्या, पुन्हा पेरल्या. बारीक, चवदार तांदूळ निघाला. तेव्हा एचएमटी घड्याळाची चलती होती, म्हणून तांदळाचं नाव एचएमटी पडलं. आज हा तांदूळ दुकानोदुकानी मिळतो. दादाजी २०१८ साली गेले.

आमचा एचएमटी बोर्डिंगमध्ये राहायचा. धानाचा दाणा दाताखाली फोडून जात सांगायचा. स्वयंपाकघरात नवं पोतं आलं की सिस्टर त्याला बोलवायच्या. तो मूठभर तांदूळ तळहातावर घ्यायचा, वास घ्यायचा, एक दाणा चावायचा. “नवा आहे जी सिस्टर, पानी कमी टाका.” ज्या दिवशी सिस्टरांनी ऐकलं नाही त्या दिवशी भाताचा गोळा झाला, आणि हा जेवताना काही बोलला नाही, फक्त ताट पुढं करून दुसऱ्यांदा वाढून घेतलं. सिस्टर त्याला पुढं रोज विचारायला लागल्या. सिंदेवाहीच्या धान संशोधन केंद्रात सहल नेली होती तेव्हा तिथल्या साहेबांनी पाच वाट्या पुढं ठेवल्या, यानं चार ओळखल्या. पाचवीबद्दल म्हणाला, “हे आमच्याकडे पेरत नाहीत.” खरंच पेरत नव्हते. चिठ्ठीत एकच ओळ होती: ‘घड्याळाचं नाव लावून फिरतो, पण याची वेळ जेवणाची.’

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो तो.

एका वर्षी जानेवारी संपत आला, एक्केचाळीस चिठ्ठ्या झाल्या आणि बेचाळीसाव्या पोराची चार पानं कोरी होती. पोरगा रोज येणारा, गृहपाठ करणारा, मधल्या रांगेत भिंतीकडे बसणारा. हाक मारली तर “हव जी.” त्याच्यापुढं दुसरा शब्द नाही. पोरांना विचारलं, तर म्हणाले, “थो बोलतच नाही जी.” सात महिने तो माझ्यासमोर बसला होता आणि मला त्याच्याबद्दल हसण्यासारखं, रागावण्यासारखं, काहीच माहीत नव्हतं. मला त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटल्यावर फाटकाशी उभा राहायला लागलो. त्याचं गाव सात किलोमीटर, मधला बराच रस्ता जंगलाचा. मानव विकासची निळी बस मुलींना नेते, मुलं सायकलनं जातात. त्या गावची नऊ पोरं, पाचवीपासून दहावीपर्यंत, एका रांगेत निघायची. हा सर्वांत मोठा, सर्वांत दणकट, पण कायम शेवटचा. तिसऱ्या दिवशी माझी गाडी घेऊन अंतर ठेवून मागं गेलो. नाल्याच्या उतारावर पाचवीतल्या पोराची चेन उतरली. पुढचे सात जण निघून गेले, त्यांना कळलंही नाही. हा उतरला. बॅटरी दातांत धरली, काटकीनं चेन चढवली, बोटं गवताला पुसली, लहानग्याला पुढं घातलं आणि तो दिसेनासा होत नाही इतक्याच अंतरावर मागून निघाला. मी गाठून विचारलं, तू पुढं का नाही जात? बराच वेळ पायडल मारत राहिला. मग म्हणाला, “मागचं कोनी पाहत नाही ना जी.”

सिंदेवाही हे गोंदिया-चांदाफोर्ट मार्गावरचं स्टेशन. रेल्वेचा एक नियम इथल्या पोरांना पाठ असतो. गाडीच्या शेवटच्या डब्यामागं ‘एलव्ही’ लिहिलेली पाटी असते, रात्री लाल दिवा. ती पाटी किंवा तो दिवा दिसला तरच गाडी पूर्ण आली असं धरतात. नाही दिसला तर एखादा डबा मागं सुटला असेल, आणि मग त्या रुळावर दुसरी गाडी सोडत नाहीत. त्या रात्री चिठ्ठी लिहिली:

‘इंजिन सगळ्यांना दिसतं, शिट्टी सगळ्यांना ऐकू येते. पण शेवटचा दिवा दिसल्याशिवाय गाडी आली असं कुणी म्हणत नाही. आमच्या शाळेतून रोज संध्याकाळी नऊ डब्यांची एक गाडी सुटते आणि वर्षभरात तिचा एकही डबा मागं राहिलेला नाही. गार्डसाहेब.’

फादरांनी ती सावकाश वाचली. सगळे ‘ळ’ जागच्या जागी पडले. पोरं इकडंतिकडं बघायला लागली, कोण म्हणून. नाव आलं तेव्हा तो उभा राहिला, “हव जी” म्हणाला आणि बसला. त्याच्या गावची पाचवीतली दोन पोरं हॉलच्या दारात चपला सांभाळत बसली होती, ती मोठ्यांदा हसली आणि एकमेकांना कोपरानं ढोसायला लागली.

शिक्षक मित्रांनो, यंदाही तुमच्याकडे निरोप समारंभ असेल. चिठ्ठ्या लिहिणार असाल तर वही जूनमध्ये घाला, आणि कोरी पानं आधी उघडा.

तो पोरगा त्या मार्चमध्ये परीक्षा देऊन गेला. जून अखेरीस शाळा उघडली, गावची आठ पोरं आणि एक नवा पाचवीतला आला. पहिल्याच संध्याकाळी फाटकाशी त्यांची वादावादी ऐकू आली: यंदा गार्ड कोण? नववीतल्या एकाला केलं. पुढच्या वर्षी दुसऱ्याला. रेल्वेनं २०२२ साली गार्डचं पद बदलून ट्रेन मॅनेजर केलं, पण त्या गावच्या पोरांत शेवटच्या सायकलवाल्याला अजून गार्डच म्हणतात.